खुर्च्या दोन हव्यात

आमच्या धंद्यात एक जुना वाद आहे. रिक्वायरमेंट कुणाकडून घ्यायच्या? सॉफ्टवेअरचे पैसे देणाऱ्या साहेबाकडून की दिवसभर ते वापरणाऱ्या क्लार्ककडून? शहाणा माणूस दोघांना विचारतो, तेही वेगवेगळं बसवून. साहेब समोर असला की क्लार्क नुसती मान हलवतो.

हे आठवायला कारण आमची हर्सूलची मावशी. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलायला वेळ लागतो, पण डोकं आमच्या निम्म्या टीमपेक्षा तल्लख (टीमवाले वाचत असतील तर वाचू देत). अठरा झाले म्हणजे कायद्याने सज्ञान. आता त्याच्या पालकत्वासाठी अर्ज करायचा की नाही, यावर घरात खल चाललाय. त्या निमित्ताने मी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा वाचला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीचा.

एक गोष्ट भारी वाटली. न्यासाच्या मंडळावर संस्थांना नऊ जागा आहेत. तीन स्वयंसेवी संस्थांच्या, तीन पालकांच्या संघटनांच्या आणि तीन दिव्यांगांच्या संघटनांच्या. म्हणजे आईबाप वेगळे आणि मुलं वेगळी, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं! जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीत मात्र हे पातळ होतं. पालक नेमायचं काम तिचंच. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईबापांना स्वतःची खुर्ची नाही. आणि ती दिव्यांग व्यक्ती या चार गटांतलीच हवी, असंही नाही.

मग मी घरातच प्रयोग केला. उद्या तुम्हाला सल्लागार नेमलं तर हर्सूलसाठी काय मागाल?

मावशी लगेच म्हणाली, "दारातून नेणारी-आणणारी गाडी. सोबत एक माणूस."

हा गप्प. ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाला, "दादा, आई माझ्यासाठी बोलायली. मला बस पाहिजे. पायरी खाली, आणि ड्रायव्हरनं अर्धा मिनिट थांबावं. टी-पॉइंटवरून एकटा जाईन मी."

मावशीने आतून ऐकलंच. "जळगाव रोडचे ट्रक बघितलेस का रे?"

दोघंही बरोबर आहेत. ट्रक खरे आहेत, अर्धा मिनिटही खरा आहे. पण मीटिंगमध्ये फक्त मावशी गेली असती तर मिनिट्समध्ये गाडी आली असती आणि बस गळाली असती.

दिव्यांगांना प्रभावित करणारे निर्णय त्यांच्याशी सल्लामसलत करूनच घ्यावेत, असं संयुक्त राष्ट्रांचा करार सांगतो. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत असं म्हटलं, आणि सक्तीचे नियम संबंधितांशी बोलून करायला सांगितलं. म्हणजे विचारायला कुणीतरी येणार. आलं तर माझं म्हणणं एवढंच, की प्रश्न चार दिवस आधी द्या. याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. रिक्षाभाडं आणि मानधन द्या, मीसुद्धा कन्सल्टन्सी फुकट करत नाही. आणि त्याच्याशी एकदा आईशिवाय बोला, तिच्याशी एकदा त्याच्याशिवाय.

असो. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्यात दोघांनी मिळून निर्णय घ्यायचे. मावशीला ते पटायला लागलंय. अर्ज अजून कोराच आहे. तो म्हणतो, आधी बसचं बघू.