पंधराशेला दोन कमी

बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या जगात दोनच जाती आहेत : रेटिंगवाले आणि बिनरेटिंगवाले. बिनरेटिंगवाल्याने सोसायटीतले सगळे पेन्शनर लोळवलेले असोत, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या बँक मॅनेजरचा वजीर रोज संध्याकाळी मारलेला असो. स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव अगदी तळाशी असतं आणि नावापुढे शून्य असतं. निवृत्त माणसाला शून्य फार बोचतं. हुद्दा गेला, पगाराचा आकडा गेला, निदान एक आकडा तरी स्वतःचा असावा म्हणून मी बासष्टाव्या वर्षी रेटिंग मिळवायचं ठरवलं.

"मग भरून टाका ना फॉर्म!" सौ. म्हणाली.

तिला वाटलं, रेटिंग रेशनकार्डासारखं असतं. फॉर्म असतोच. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नाव नोंदवावं लागतं, स्पर्धेची फीही भरावी लागते. पण एवढ्याने मिळतो तो फक्त हरण्याचा परवाना. 'फिडे' या जागतिक संघटनेचा नियम असा, की आधीच रेटिंग असलेल्या निदान पाच जणांशी डाव झाले पाहिजेत आणि त्यांत किमान अर्धा गुण मिळाला पाहिजे. पहिल्या स्पर्धेत भोपळाच पदरी आला, तर ते डाव हिशोबातच धरत नाहीत. (आमच्या गणिताच्या मास्तरांना हे औदार्य सुचलं असतं तर!) पाच डाव एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असंही नाही. २६ महिन्यांची सवड असते. हत्तीण साधारण २२ महिन्यांत मोकळी होते. नवख्या बुद्धिबळपटूला त्याहून चार जास्त.

ही पद्धत काढली अर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेतल्या मिलवॉकीत, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. फिडेने त्यांची पद्धत १९७० साली स्वीकारली. तत्त्व सोपं आहे : मोठ्याला हरवलं तर जास्त मिळतं, लहानाकडून हरलं तर जास्त जातं. मात्र इथे मोठा कोण नि लहान कोण हे वयावर ठरत नाही. पहिल्या फेरीत माझ्यासमोर जो मोठा बसला, त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याने मला एकतिसाव्या खेळीला संपवलं, अदबीने हात मिळवला आणि "थँक्यू, आजोबा" म्हणून तो आईकडच्या डब्याकडे धावला.

नऊ फेऱ्यांतले चार डाव माझ्याच जातीच्या लोकांशी पडले. त्यांतले तीन मी जिंकलो. पण ते रेटिंगला चालत नाहीत. दोन उपाशी माणसांनी एकमेकांना जेवायचं आमंत्रण द्यावं, तसला प्रकार. रेटिंगवाल्यांशी पाच डाव झाले. तीन हरलो, एक जिंकलो आणि एक बरोबरीत सुटला.

मला आठवतो तो बरोबरीचा. समोर सांगलीची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. तिच्याकडे एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती. साडेतीन तास तिने मला सगळीकडून दाबून पाहिलं. मी दबलो नाही. शेवटी तिने मान हलवली आणि हात पुढे केला. आयुष्यात मला बढती मिळाली ती ज्येष्ठतेने, भिंतीवरचं घड्याळ मिळालं ते निवृत्त झालो म्हणून, आणि बसमध्ये जागा मिळते ती पांढऱ्या केसांमुळे. हा अर्धा गुण मात्र माझं तोंड बघून कोणी दिलेला नव्हता. तिला तो द्यायचाच नव्हता!

पुढचा हिशोब आणखी गमतीचा. मार्च २०२४ पासून फिडे नवख्याच्या डावांत दोन काल्पनिक खेळाडू घालते. दोघांचं रेटिंग १८००, आणि दोघांशी आपली बरोबरी झाली असं धरते. माझ्या पाच जणांची सरासरी १५२०; हे दोन अदृश्य सज्जन मिळवून १६००. सात डावांत अडीच गुण, म्हणून कोष्टकाप्रमाणे १०२ वजा. उरले १४९८. हा आकडा १४००च्या खाली गेला असता, तर पुन्हा शून्यच.

"पंधराशेला दोन कमी?" सौ. म्हणाली, "ही तर चपलेची किंमत झाली!"

म्हणू दे. चपलेची किंमत कधी खाली येत नाही. माझी येऊ शकते. पहिले तीस डाव होईपर्यंत नवख्याचा आकडा एरवीच्या दुप्पट वेगाने वरखाली होतो. पूर्वी एक तारखेला मी पगाराची वाट बघायचो, आता फिडेच्या यादीची बघतो.

आणि पुढच्या स्पर्धेत एखादा बिनरेटिंगवाला माझ्यासमोर येऊन बसेल. त्याला माझ्याकडून अर्धा गुण हवा असेल. मी तो सुखासुखी सोडणार नाही. त्याच्याच भल्यासाठी.