बाटलीतली जात

आल्डस हक्स्लेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' परत वाचून काढली. १९३२ ची कादंबरी. आयर्लंडनं त्याच साली बंदी घातली. ऑस्ट्रेलियातही ती काही वर्षं बंद होती. का, तर तिच्यात लग्न नाही, आईबाप नाहीत, देव नाही, आणि कुणीही कुणाबरोबर निजतं. सगळी बोंब अंथरुणावरून. माणसं बाटलीत घालून, मोजूनमापून खालची केलीत, त्यानं मात्र कुणाचा देव बाटला नाही.

शब्दसुद्धा हक्स्लेनं 'कास्ट' हाच वापरलाय. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. पाच. चार वर्ण आणि गावकुसाबाहेरचा पाचवा, हे माझं मोजणं, त्याचं नव्हे. पण गडी १९२५-२६ मध्ये हिंदुस्थान हिंडून गेलेला. कानपूरची काँग्रेस त्यानं पाह्यली, १९२६ ला प्रवासाचं पुस्तक काढलं. पुढच्याच साली, मार्च १९२७ ला, आपल्या लोकांनी महाडच्या तळ्यात ओंजळ घातली. ते बघायला तो थांबला नव्हता.

कारखाना असा चालतो. जात जेवढी खालची, गर्भाला हवा तेवढी कमी. एप्सिलॉनला अक्कल लागत नाही, मग प्राणवायू कशाला वाया घालवा? डेल्टांची आठ महिन्यांची पोरं रांगत पुस्तकांकडं जातात. त्यांनी पानाला हात लावला की भोंगा वाजतो, मग विजेचा झटका. पुन्हा म्हणून ती पुस्तकाकडं बघत नाहीत. आमच्या आज्याला वीज लागली नाही. शाळेच्या उंबऱ्याभायेर बसवला की भागत होतं.

बीटांच्या पोरांना झोपेत धडा ऐकवतात. आठवड्यातून तीनदा, दर वेळी एकशेवीस वेळा, तीस महिने. धडा काय? आल्फा फार हुशार, आपल्याला तेवढं काम नको. डेल्टा घाणेरडे, त्यांच्यात खेळायचं नाही. वरच्याचा धाक आणि खालच्याची किळस, एकाच घोटात. बाबासाहेबांनी उतरंडीची विषमता म्हणून सांगितली ती हीच. पायरीवरचा प्रत्येकजण खाली बघून खूश.

मेल्यावर सगळ्यांचं फॉस्फरस धुराड्यातून गोळा करतात, माणशी दीड किलोच्या वर. आल्फा असो की एप्सिलॉन, तेवढंच निघतं. मसणात तरी सारखे! इथं हक्स्ले आमच्या गावापुढं कमी पडला. आमच्याकडं मसणवटाही येगळा.

पयल्या वाचनात लिफ्टवाल्यापाशी अडकलो होतो, आताही तिथंच. काळा झगा घातलेला एप्सिलॉन. गच्चीवर लिफ्ट पोचते, दार उघडतं, ऊन दिसतं आणि तो हरखून जातो. लगेच खोक्यातून हुकूम, खाली जा, अठरावा मजला. गेला. पुस्तकभर एप्सिलॉनच्या तोंडी बोलणं ते एवढंच.

बाकी वाद घालतात ते वरचे. मुस्तफा माँड नावाचा नियंता सायप्रस बेटाची गोष्ट सांगतो. बावीस हजार नुसते आल्फा तिथं वसवले. खालची कामं कुणी करीना. सहा वर्षांच्या आत यादवी, एकोणीस हजार मेले. उरलेल्यांनी अर्ज केला, राज्य परत घ्या. म्हणून म्हणे एप्सिलॉन हवेत. हे गावच्या पाटलानंही सांगितलं असतं, ढोर कोण ओढणार म्हणून. पण तोच माँड पुढं कबूल करतो की कष्ट वाचवणाऱ्या यंत्रांचे हजारो आराखडे कचेरीत पडून आहेत, मुद्दाम. ही ओळ मी दोनदा वाचली. आपल्याकडं मैला वाहण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा. २०२३ ला यान चंद्रावर उतरलं. गटारात अजून माणूस उतरतो आणि मरतो.

शेवटाकडं जॉन, तो रानटी म्हणवला गेलेला पोरगा, इस्पितळातल्या डेल्टांना मुक्त करायला जातो. कामावरून सुटून ते सोमाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभे असतात. (नाव वेदातलं, वाटप रेशनवर.) हा गोळ्या खिडकीतून फेकतो, तुम्हाला माणूस व्हायचं नाही का म्हणून ओरडतो, आणि त्याच दमात त्यांना शिव्या घालतो. त्यांचा चेहराच त्याला सोसत नाही. उद्धारकर्ते आपणही पुष्कळ पाह्यलेत. मग पोलीस येतात, सोमाची वाफ सोडतात, खोक्यातून गोड आवाजाचं भाषण. सगळे रडतात, गळ्यात पडतात, आणि गोळ्या पुन्हा मिळतात.

१९४६ च्या प्रस्तावनेत हक्स्लेनं खंत लिहिली की जॉनला आपण दोनच वाटा ठेवल्या, तिसरी द्यायला हवी होती. जॉनला. इस्पितळातले डेल्टा एकशेबासष्ट होते. चौऱ्याऐंशी तांबड्या केसांच्या बाया, अठ्ठ्याहत्तर काळसर गडी. आकडा त्यानं चोख दिलाय. नाव एकाचंही नाही.