अंड्यातला कोळी

पाचव्या रात्री घरातले दिवे घालवले आणि मोबाइलच्या बॅटरीवर पुठ्ठा धरला. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, भोकावर अंड्याची बोथट बाजू. आत तांबूस उजेड भरला. मधोमध एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती पसरलेले बारीक लाल पाय.

"कोळी दिसतोय," मी म्हटलं.

शेजारची अव्वा चष्मा पुसून वाकली. "कोळीच की रे तम्मा. मग काय मांजर दिसणार व्हय?"

निपाणीकडं आमच्या बोलण्यात असं होतं. मी म्हणत होतो तो जाळं विणणारा कोळी; अव्वाच्या कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. अंड्यातल्या शिरा दिसू लागल्या की पोल्ट्रीवालेही 'कोळी धरला' म्हणतात की नाही, ठाऊक नाही. आमच्या दोन घरांत तेव्हापासून म्हणतात.

अंडी उबवायचं मशीन म्हणावं असं माझ्याकडं फार काही नाही. औषधाच्या दुकानातून आणलेला थर्माकोलचा डबा, बेळगावच्या खडेबाजारातून उचललेला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, तापमान राखणारी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि चाळीसचे दोन पिवळे बल्ब. दोन अशासाठी, की रात्री एक उडाला तर दुसरा निभावून नेतो. हे बल्ब मिळवणंच आता कठीण झालंय. दुकानदार एलईडी पुढं करतो, वीज वाचेल म्हणतो. मला उजेड नकोय, त्याची वाया जाणारी उष्णता हवीय, हे त्याला पटवता पटवता मीच तापतो.

हा खटाटोप गिरिराजमुळं. बेंगळुरूच्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली ही कोंबडी परसात चरून अंगानं भरते, गावठीपेक्षा अंडीही जास्त देते. पण माझ्याकडच्या एकीनंही कधी रवणाला बसायचं नाव घेतलं नाही. अव्वाची गावठी कोंबडी वर्षातनं दोन-तीनदा खुडूक होते. तिच्या पोटाखाली मावून मावून मावणार दहा-बारा अंडी. माझी चोवीस होती.

ती पहिली चोवीस मी मारली. अकराव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. अर्धा तास बघितलं आणि माझा धीर सुटला. गरम पाण्याच्या बाटल्या भरून डब्यात ठेवल्या, वर गोधडी टाकली. वीज आली तसे बल्बही लागले, आणि बाटल्या आतच राहिल्या. मी जेवून आलो तेव्हा काटा एक्केचाळीसच्या पुढं गेला होता. पाहिजे होते साडेसदतीस. चौदाव्या दिवशी उजेडावर धरली तर शिरांचं जाळं विरून आत लाल कडं तेवढं उरलेलं.

अव्वा रागावली नाही, हेच जास्त लागलं. "कोंबडी रोज उठती का न्हाई? दाणे टिपती, धुळीत लोळती, हागून येती. तवर तत्ती थंडच असतात की," ती म्हणाली. तत्ती म्हणजे अंडी. हिंदीवाल्या पाहुण्यांसमोर हा शब्द आम्ही टाळतो. पण तिचं खरं होतं. गारठ्यानं गर्भ मंदावतो, तास-दोन तास तग धरतो. चढलेली उष्णता मात्र सोडत नाही. आता वीज गेली की मी डबा झाकतो आणि बाहेर जाऊन बसतो.

जुन्या इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत शेणाचा जाळ करून हजारोंनी पिल्लं काढत. तापमापक नव्हता, कामगार अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. मीही लावून बघतो. आकडा सांगता येत नाही, पण जास्त झालेलं पापणीला लगेच कळतं.

अंडी फिरवणं सोपं. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, दोन्ही पेन्सिलीनं. दिवसातनं पाच वेळा उलटायची. विषम आकडा ठेवला की रात्रभर खाली राहणारी बाजू रोज बदलते. नाही फिरवली तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवशी हे बंद.

पाण्याचं गणित मात्र पुस्तकातलं आमच्याकडं चालत नाही. अंड्याला वजन गमवावं लागतं. पंचावन्न ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी अठ्ठेचाळीसच्या आसपास यावं, म्हणजे बोथट टोकाशी पिल्लाला पहिला श्वास घ्यायला हवेची पोकळी होते. मार्चात वाटीभर पाणी ठेवावंच लागतं. जुलैत, भिंतीवर बुरशी धरते त्या दिवसांत, वाटी ठेवली की अंडं वजनच सोडत नाही आणि पिल्लू आतल्या ओलाव्यातच गुदमरतं. मी आता वाटीपेक्षा तराजूवर विश्वास ठेवतो.

शेवटचे तीन दिवस उलटे. तेव्हा दमटपणा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. दुसऱ्या खेपेला मी उघडलं. एका अंड्याला टोचा पडून आठ तास झाले होते, आतनं चिवचिव येत होती, पुढं काही हलत नव्हतं. नखानं कवच सोललं. पापुद्र्यावर रक्ताचा थेंब आला आणि मी थांबलो, पण उशीर झाला होता. ते पिल्लू अडकलं नव्हतं, थांबलं होतं; उरलेला बलक पोटात ओढून घेत होतं. हा टोच्यानंतरचा विसावा कधी कधी दिवसभराचाही असतो. शिवाय झाकण उघडं राहिल्यानं बाहेरची कोरडी हवा आत शिरली आणि शेजारच्या दोन अंड्यांचे पापुद्रे पिल्लांच्या अंगाला कागदासारखे आवळले. एकाला मदत करायला गेलो आणि तीन गेली.

तिसऱ्या खेपेला विसाव्या रात्री झाकणावर मी चक्क पाटा ठेवला. अव्वा हसली. डब्याला बसवलेल्या काचेच्या तुकड्यातनं एका अंड्याचा टोचा दिसत होता. रात्री दोनला तो रुंदावला, चोच गोल गोल कापत गेली आणि टोपी उडाल्यासारखं बोथट टोक निघालं. ओलं, केविलवाणं, मानेला तोल नसलेलं काहीतरी बाहेर पडलं आणि दुसऱ्या अंड्यावर डोकं टेकून झोपलं. चोविसातली सतरा आली. पोटातल्या बलकावर दोन दिवस त्यांना दाणापाणी लागत नाही, त्यामुळं सुकेपर्यंत पाटा तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात अव्वाची कोंबडी रवणाला होती, पण तिची अंडी कोरी निघाली होती. अंधार पडल्यावर अव्वानं ती काढून घेतली आणि माझी नऊ पिल्लं एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. कोंबडीनं नुसते पंख सैल केले.

सकाळी डालगं उचललं. ती टुक्‌टुक् करत उकिरड्याकडं निघाली. पंख्याची घरघर सोडून दुसरा आवाज न ऐकलेली आठ तिच्यामागं पळाली. नववं उंबऱ्यावर पडलेल्या उन्हाच्या पिवळ्या तुकड्यात जाऊन बसलं.