मान पाहावी, मान राखावा

लांब पाय आणि लांब चोच दिसली की आपण ‘बगळा!’ म्हणून मोकळे होतो. पक्षी जरा थोरला असला तर करकोचा. आणि करकोचा हे नावही आपण इतक्या पक्ष्यांना वाटून टाकले आहे की काही विचारू नका! माझ्या भाच्याने ड्रोन घेतला आणि त्याच्या चित्रफितींना नावे घालण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हापासून मात्र ही उदारता मला जड जाऊ लागली आहे.

जमिनीवरून पाहिले तर ओळख सोपी. सारस जवळजवळ माणसाएवढा उंच; राखी बगळा त्याच्याहून बराच ठेंगणा. पण आकाशातून पाहताना उंचीच नाहीशी होते. उरतात ते दोन राखाडी ठिपके. पक्षी उडाला, की मान बोलते. बगळा ती मुडपून खांद्यांत घेतो. सारस आणि क्रौंच भाल्यासारखी पुढे ताणतात. चित्रबलाकही ताणतो, म्हणून ताणलेली मान म्हणजे सारसच असे नव्हे. पण मुडपलेली दिसली तर तो सारस खास नव्हे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही गोंदियाकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, “मामा, ड्रोन थोडा खाली नेतो. उडतील आपोआप!”

मी म्हटले, “नको रे बाबा.” त्या दिवसांत तिथल्या धानाच्या बांध्यांत सारसांची घरटी असतात. अंडी बहुधा दोन, नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. आपल्या एका नावासाठी त्यांना उठवायचे, आणि मागे कावळ्यांना मोकळे रान द्यायचे?

न उडवताही पुष्कळ कळते. बगळा पाण्याकाठी एकटा, ध्यानस्थ. सारस जोडीने चालत, चरत असतो. झाडावर बसलेला असेल तर सारसाचे नाव काढू नये. त्याच्या आखूड मागच्या बोटाने फांदी धरवत नाही. आणि सकाळी उघडीप असली, तर वरून हरवलेला आकार चिखलावरच्या लांब सावलीत सापडतो.

तरीही काही फितींवर ‘अनोळखी’ असेच लिहिले आहे. भाच्याला ते खटकते. मला नाही. त्या फितींतले पक्षी शेवटपर्यंत जागचे हललेले नाहीत.