अडीच घरांची अक्कल

मुलाने विटीदांडू मागितला तर बाप म्हणतो, "कुणाचा तरी डोळा फोडशील." पत्ते मागितले तर आई म्हणते, "घरात जुगार नको." पण तोच मुलगा बुद्धिबळाचा पट मागो, दोघांचेही चेहरे उजळतात. ह्याचे श्रेय त्या खेळाच्या नावाला द्यायला हवे. संस्कृतात तो चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगे. इराणातून फिरून तो शतरंज होऊन परत आला. इंग्रजांच्या 'चेस'मध्ये फारसी 'शाह' दडलेला आहे. आम्ही मराठी माणसांनी मात्र त्याच्या नावातच बुद्धी घालून ठेवली, आणि मग पट घरात आला की पाठोपाठ तीही येईल म्हणून वाट पाहत बसलो. मोरावळ्याने पित्त शमते, बदामाने स्मरणशक्ती वाढते, तसे बुद्धिबळाने डोके वाढते, ही आमच्या पांढरपेशा घरांतली एक पक्की समजूत आहे. ती तपासून पाहण्याची पाळी माझ्यावर कशी आली, ते पुढे सांगतोच.

आमचे अमळनेर बोरी नदीच्या काठचे. बुद्धीच्या बाबतीत हे गाव पहिल्यापासून थोडे आगाऊच! प्रतापशेटजींनी इथे कापडाची गिरणी चालवली आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही उभारले. त्यामुळे एकीकडे भोंग्यावर पाळ्या बदलत, तर दुसरीकडे विद्वान मंडळी मायावादाचा कीस काढीत. ह्या दोहोंच्या मधली, म्हणजे ना यंत्राची ना वेदांताची, अशी जी बुद्धी गावात शिल्लक राही, ती संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या ओट्यावर पट मांडून बसे.

गिरणीत मागावर कामाला असलेला एक गृहस्थ तिथे रोज येई. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. त्याचा खेळ देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. गावातले एक वकील इंग्रजी पुस्तके वाचून खेळत. ते ओठ हलवीत पुढच्या चार चाली मोजायचे. हा बिडी पेटवून नुसता पटाकडे पाहायचा आणि घोडा उचलायचा. दहातले आठ डाव त्याचेच. पण ह्याच माणसाने दोनदा दुसऱ्याला जामीन राहून स्वतःच्या पगारावर जप्ती आणली होती, आणि भरिताची वांगी आणायलासुद्धा त्याची बायको त्याला एकटे पाठवीत नसे. कोणी चिडवले की तो अहिराणीत म्हणे, "मन्हं डोकं पटवरच चालस, भाऊ, घरमा नही."

ह्या एका वाक्यात जे आहे, ते सिद्ध करायला मानसशास्त्रज्ञांना बरीच वर्षे खपावे लागले. हॉलंडमधले आद्रियान द ख्रोट हे स्वतः चांगले खेळाडू. त्यांचा प्रबंध १९४६ सालचा. उस्ताद आणि साधे खेळाडू ह्यांना पटासमोर बसवून त्यांनी मोठ्याने विचार करायला लावले. उस्ताद काही फार जास्त चाली पुढचे पाहतो असे दिसेना. पाहण्याजोगी चाल त्याला आधी दिसते, एवढेच. पुढे १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन ह्यांनी ह्याचाच धागा पुढे नेला. (चेस हे इथे आडनाव आहे, खेळ नव्हे. असे योगायोग कथेत आले तर संपादक खोडून टाकतात!) खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर उस्ताद बहुतेक सगळी मोहरी पुन्हा जागच्या जागी ठेवतो, नवशिक्याला चार-पाचच आठवतात. पण तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवा, की उस्ताद आणि नवशिका जवळजवळ एकाच पंक्तीला येऊन बसतात! म्हणजे वर्षानुवर्षे खेळून डोक्यात साचतात त्या ओळखीच्या मांडण्या, हजारोंनी. गिरणीतला तो गृहस्थ पटाकडे नुसता पाही, त्याचे मर्म हे. जामीनकीच्या कागदावर त्याला ओळखीचे घोडे-उंट दिसत नव्हते, त्याला तो तरी काय करणार?

शाळेतल्या मुलांवरही हे पाहून झाले आहे. इंग्लंडात १०० प्राथमिक शाळा निवडल्या आणि त्यांतल्या काही शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्गातच तीस आठवडे बुद्धिबळ शिकवले. शिकवणी संपल्यावर वर्षभराने सर्वांच्या गणिताची परीक्षा पाहिली. निकाल २०१६ साली जाहीर झाला: पट खेळलेली आणि न खेळलेली, दोन्ही मुले सारखीच. दुसऱ्या काही प्रयोगांत थोडा फायदा दिसतो खरा. परंतु काहीच नवे न शिकणाऱ्या मुलांऐवजी दुसरे काही नवे शिकणाऱ्या मुलांशी तुलना केली, की तो बराचसा विरून जातो. मग बुद्धिबळ खेळणारी मुले हुशार का दिसतात? हुशार मुले त्या खेळाकडे वळतात आणि तिथे टिकतात, हे त्याचे साधे उत्तर. गोड गळ्याची माणसे भजनी मंडळात जातात. भजनी मंडळात गेल्याने माझा गळा गोड झालेला नाही, शेजाऱ्यांना विचारा.

खाडिलकर भगिनींचे उदाहरण कोणी तरी काढतेच. वासंतीने १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, जयश्री १९७९ मध्ये भारतातली पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली, रोहिणीने १९८१ मध्ये आशियाई अजिंक्यपद मिळवले. ह्यात रक्ताचा गुण किती, हे मी सांगू शकत नाही. परंतु ज्या घरात तिघी बहिणी एकमेकींसमोर पट मांडून बसत असतील, तिथे सरावाला तोटा कुठला?

आमच्या घरी मात्र हा प्रश्न गप्पांपुरता राहिला नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याच आठवड्यात आमच्या चिरंजिवांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला बुद्धिबळाच्या वर्गात घातले. हेतू एकच: गणित सुधारावे. पुढच्या परीक्षेत गणिताचे मार्क होते तितकेच आले. "वर्ग बंद," बापाने जाहीर केले. मुलगा रडला नाही, भांडला नाही. त्याने मोहरी एकेक करून पेटीत ठेवली आणि पेटी माझ्या कपाटात आणून दिली. "आबा, इथे राहू दे," एवढेच म्हणाला. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुम्हीच काय ते समजावा ह्यांना."

वर सांगितलेला सगळा इतिहास मी मुलाला, म्हणजे बापाला, ऐकवला. त्याने वकिलासारखा माझाच पुरावा माझ्यावर उलटवला. "मग मी तरी काय म्हणतो? बुद्धी वाढत नाही ना? मग फी कशाला भरायची?"

मी म्हटले, "क्रिकेटच्या बॅटीने त्याची बुद्धी वाढावी म्हणून तू ती आणलीस का?" बॅटीला त्याने हिशेब विचारला नव्हता. पटाला विचारला, कारण पटाच्या नावात बुद्धी आहे. आणि तो हिशेब मागताना एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली होती. पूर्वी हरला की पट उधळून देणारा हा पोरगा आता स्वतःहून छोटी मुलगी हरवून गेली तरी तिच्याशी हात मिळवतो, आणि घरी येऊन वहीत तो डाव लिहून, जिथे चुकले तिथे लाल पेन्सिलीने गोल काढतो. ह्याचा पुढे आयुष्यात उपयोग होईल की नाही, मी लिहून देणार नाही. पण दहा वर्षांचे पोर आपली चूक आपणच शोधत तासभर बसते, ह्याला मी तरी फुकट गेलेला वेळ म्हणणार नाही.

"ठीक आहे," चिरंजीव म्हणाले, "पण मग गणिताचे मार्क वाढायला काय करावे?"

"गणित," मी म्हटले.

ह्यावर तह झाला. वर्ग चालू, फी माझ्या पेन्शनीतून, आणि रोज संध्याकाळी पट उघडण्यापूर्वी अर्धा तास अपूर्णांक, तेही माझ्याजवळ. अपूर्णांक अजून त्याला छळतात. छेद सारखे करून घ्यायचे असतात, हे रोज नव्याने सांगावे लागते. मात्र तीन आठवड्यांपूर्वीच्या डावात घोडा कुठे चुकला, हे तो झोपेतून उठवले तरी सांगतो.