रिकामी खुर्ची

कुडाळच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा शिकवीत आले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी कथेतल्या दुसऱ्या जगात त्यांना चाटून जाते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे काही काळ त्या जगात वावरून येतात. विज्ञानकथा, पर्यायी इतिहास आणि पराभवाच्या सलावरील इच्छापूर्ती अशा तीन कप्प्यांत ही संहिता बसवून मी मोकळी होत असे. एका वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मग त्या देशाचा राष्ट्रपती कोण?”

मी हसले, उत्तर मात्र देता आले नाही. घरी येऊन कथा पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले, की उत्तर कथेतच होते. माझ्या कप्प्यांत बसत नसल्याने ते मी वगळून वाचत होते. त्या जगात पेशव्यांची जागा लोकनियुक्त संस्थांनी घेतली आहे, पण दिल्लीला शहेनशहा कायम आहे. हाती सत्ता नाही म्हणूनच तो टिकला. संसदेच्या शिफारशींवर शिक्कामोर्तब करणे, एवढेच त्याचे काम.

कल्पनेने रणांगणाचा निकाल फिरवला, तख्त मात्र हलवले नाही. याला लेखकाची भीड म्हणावे, तर प्रत्यक्ष इतिहास आडवा येतो. पानिपत हरल्यावर अवघ्या अकरा वर्षांनी, १७७२ मध्ये, मराठ्यांनीच शहाआलमला दिल्लीत आणून तख्तावर बसवले. साताऱ्यास छत्रपती आणि पुण्यास कारभार, ही घडीही आपलीच. म्हणजे हरलो काय, जिंकलो काय, नाममात्र धन्याच्या नावे राज्य चालवण्याची रीत दोन्ही इतिहासांत सारखीच राहते. आजच्या प्रजासत्ताकाकडे पाहावे, तर मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारार्थ परत पाठवण्याची मुभा दिली. कथेतला शहेनशहा आणि आपले राष्ट्रपती यांच्यातील अंतर मोजायचे, तर ते निवडणुकीत आणि या एका फेरविचारात मोजावे लागेल. ते थोडे आहे असे मला आता वाटत नाही.

या दृष्टीने पाहता, आझाद मैदानावरील जो प्रसंग मी विनोद म्हणून उरकत असे, तोही वेगळा दिसू लागला. सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून गायतोंडे न राहवून तीवर जाऊन बसतात आणि श्रोते त्यांना हुसकावून लावतात. अध्यक्षाची प्रथा त्या समाजाने केव्हाच मोडली आहे. दिल्लीचे नामधारी तख्त जपणारा समाज सभेतली नामधारी खुर्ची मात्र सहन करीत नाही. ही विसंगती कथा सोडवीत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत; संमेलन पार पडले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्याकडच्या दशावतारात एका बाकड्यावर राजा बसला की त्याचे सिंहासन होते; तो उठला की पुन्हा बाकडे. लहानपणापासून हे पाहत आले, तरी त्या मुलीने विचारीपर्यंत कथेतले तख्त मला दिसले नव्हते. आता ही कथा शिकवताना मी तिच्याच प्रश्नापासून सुरुवात करते.