ऐकणाऱ्यांचे मंडळ

लिहिणाऱ्याला वाचक मिळण्याच्या आधी ऐकणारा लागतो. घरच्या माणसांना कविता वाचून दाखवली तर कौतुक होते, संपादकाकडे पाठवली तर होकार किंवा नकार येतो. पण तिसऱ्या कडव्यात चाल का अडखळते, हे शेजारी बसून सांगणारा माणूस या दोन्हीकडे क्वचित भेटतो. तो लेखकांच्या मंडळात भेटतो. पुण्याच्या रविकिरण मंडळाच्या वाटचालीत हे स्वच्छ दिसते.

मंडळ १९२३ मध्ये सुरू झाले. बालकवी १९१८ मध्ये आणि गोविंदाग्रज १९१९ मध्ये गेले होते. ज्यांच्याकडे पाहून लिहावे असे कवी चटकन दिसेनासे झाले होते. अशा वेळी माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, नाट्यछटाकार दिवाकर ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमू लागली. या बैठकीला ‘सन-टी क्लब’ही म्हणत. नेमाने जमण्याचा पहिला लाभ अगदी साधा असतो : पुढच्या खेपेला काहीतरी घेऊन जायचे असते, म्हणून लिहून होते. पुष्कळ चांगले लेखन केवळ अशा वायद्यापोटी पुरे झालेले असते.

दुसरा लाभ छपाईचा. एकट्या नवकवीचा संग्रह काढायला कोणी सहसा धजत नाही. मंडळाचा ‘किरण’ हा संग्रह स्थापनेच्याच वर्षी निघाला.

खरा लाभ मात्र कानाचा. मंडळातली कविता मोठ्याने म्हटली जाई, आणि म्हटली की वृत्तातली ओढाताण लपत नाही. फारसीचे अध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी गझलेची वृत्ते मराठीत रुजवली आणि ‘छंदोरचना’सारखा पद्यशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला. ती विद्वत्ता त्यांची स्वतःची, एकट्याने कमावलेली. पण कविता म्हणणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सोबत्यांमध्ये तिला रोजचा उपयोग होता. यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायन बैठकीतून सभागृहात नेले. कवितेचे पुस्तक ज्यांच्या हाती कधी पडले नसते, अशा माणसांना कविता पाठ होऊ लागल्या. मराठी कवितेवर मंडळाचे हे फार मोठे ऋण आहे.

एकाचे धाडस दुसऱ्याला बळ देते, हाही सहवासाचाच गुण. गिरीशांचे ‘अभागी कमल’ आणि ‘आंबराई’, माधव जूलियनांचे ‘विरहतरंग’ (१९२६) आणि ‘सुधारक’, यशवंतांचे ‘बंदीशाळा’ (१९३२) ही सामाजिक आणि प्रेमविषयक खंडकाव्ये एका दशकाच्या आतबाहेर आली. दीर्घ कथाकाव्य समकालीन विषयावर पेलते, हे जवळच्या माणसाने करून दाखवलेले असले की भीती कमी होते. मनोरमाबाईंचे स्थान वेगळेच लक्षात घ्यावे लागते. शिकलेल्या स्त्रीनेही पुरुषांच्या बैठकीत बसून बरोबरीने कविता म्हणणे तेव्हा मुळीच सहज नव्हते.

सहवासाची किंमतही असते. जे ऐकायला गोड, ते बैठकीत चटकन दाद घेते. तीच दाद मग लिहिण्याला वळण लावते. मंडळाच्या कवितेत जो ठरावीक भावुकपणा शिरला, त्याचे एक कारण इथे असावे. प्र. के. अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या लकबींचे विडंबन केले. ते इतके अचूक बसले ते या लकबी सामायिक झाल्या होत्या म्हणूनच. मंडळाबाहेरचे परखड कानही लेखकाला हवेत, एवढे त्यावरून मान्य करावे लागते.

तरी मंडळाने कोणाला बांधून ठेवले नाही. माधव जूलियन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले आणि पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. ज्यांनी फारसी शब्दांची एवढी हौस केली, त्यांनीच ते शब्द वगळायला घेतले. माडखोलकर नागपूरला पत्रकार आणि कादंबरीकार म्हणून नावारूपाला आले. घाटे गद्याकडे वळले. त्यांची व्यक्तिचित्रे आजही वाचली जातात. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधव जूलियनांना १९३६ मध्ये जळगावला, माडखोलकरांना १९४६ मध्ये बेळगावला, यशवंतांना १९५० मध्ये मुंबईला आणि घाट्यांना १९५३ मध्ये अहमदाबादला मिळाले. त्यातला पहिला मान ज्यांना मिळाला ते माधव जूलियन १९३९ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षीच गेले.